औंधचा राजा आणि कुवेतची मजलिस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी मुसलमान आहे आणि कविता मराठीत लिहितो. त्यामुळे कुठल्याही कविसंमेलनाला गेलो की चहाच्या वेळी मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, 'तुमचं मराठी इतकं चांगलं कसं हो?' याचं उत्तर सोपं आहे. माझी आई मराठीत रागवायची. ज्या भाषेत आईच्या शिव्या खाल्ल्या, ती भाषा कच्ची राहत नाही. दुसरा प्रश्न जरा अवघड आहे. 'तुमच्या त्या अरब देशांत लोकशाही का रुजत नाही?'

यातला 'तुमच्या' हा शब्द टोचतो. माझा आणि आखाताचा संबंध इतकाच, की माझ्या बहिणीचा मुलगा गेली सोळा वर्षं कुवेतमध्ये वातानुकूलन यंत्रं दुरुस्त करतो. पण प्रश्न टाळण्यासारखा नाही. मी त्याचं उत्तर शोधत गेलो आणि ते मला आपल्याच मुलखात, सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या सीमेवर सापडलं. तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. सातारकरांना 'रयत' हा शब्द काही नवा नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञापत्रांत तो आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली संस्था काढली तिचं नावही रयत शिक्षण संस्था. हा शब्द मूळचा अरबी. त्याचा मूळ अर्थ गुराख्यानं राखलेला कळप. राजा हा राखणदार आणि प्रजा हा त्याचा कळप, अशी ती कल्पना. राखणदार चांगला असला तर कळप सुखी. पण कळपानं राखणदाराला हिशेब विचारायचा नसतो. जगातल्या सगळ्या राजेशाह्या, मग त्या अरबस्तानातल्या असोत नाहीतर दक्षिण महाराष्ट्रातल्या, याच कल्पनेवर उभ्या होत्या.

आपल्या दोन जिल्ह्यांत राजे काही कमी नव्हते. सांगली, थोरली मिरज, धाकटी मिरज, जत, फलटण, औंध. एका गावातून दुसऱ्या गावी जाताना माणूस दोन-दोन राज्यांच्या हद्दी ओलांडायचा. या सगळ्या राजांच्या डोक्यावर इंग्रजांचा रेसिडेंट. आणि इथं एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कुवेतच्या शेखाच्या डोक्यावर जो इंग्रज पोलिटिकल एजंट बसलेला असे, तोही १९४७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्याच यंत्रणेतला माणूस. त्या काळी कुवेतच्या बाजारात आपलाच रुपया चाले. पत्रावर आपलंच तिकीट, फक्त वर 'कुवेत' असा छाप मारलेला. म्हणजे औंधच्या बाजारात ज्या राजाच्या मुखवट्याचा रुपया वाजवून घेत, तोच कुवेतच्या मोत्यांच्या बाजारातही वाजवून घेत. एकाच घराच्या दोन खोल्या म्हणा ना. त्यामुळे या दोन खोल्यांत एकाच वर्षी काय घडलं, हे ताडून पाहता येतं.

ते वर्ष १९३८.

आधी कुवेतचं पाहू. तेव्हाचं कुवेत म्हणजे आजचं काचेच्या मनोऱ्यांचं शहर नव्हे. मातीच्या तटबंदीतलं गाव. मोती काढायचे, गलबतं बांधायची, बसऱ्याचा खजूर मुंबईला आणि मलबारला न्यायचा, हा तिथला धंदा. जपानी कृत्रिम मोती बाजारात आले आणि या लोकांचं कंबरडं मोडलं. शेख अहमद अल-जाबिर हे तिथले राज्यकर्ते. व्यापारी जकात भरत होते, कर भरत होते, पण त्या पैशाचं काय होतं ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी या व्यापारी घराण्यांनी मागणी केली की आम्हाला कारभारात वाटा हवा. १९३८ मध्ये चौदा जणांची मजलिस निवडली गेली. निवडणारे मोजक्याच घराण्यांचे कर्ते पुरुष होते हे खरं, पण निवडणूक झाली. मजलिसचे अध्यक्ष शेखांचेच चुलतभाऊ, अब्दुल्ला अल-सालिम. या मजलिसनं धडाक्यानं काम सुरू केलं. काही कर रद्द केले, मक्तेदाऱ्या मोडल्या, शाळांकडे लक्ष दिलं.

आता प्रश्न असा, की 'अरबांच्या रक्तातच लोकशाही नाही' म्हणणाऱ्यांनी या चौदा जणांना कुठं बसवायचं? त्यांना कुणी लंडनहून पढवून पाठवलं नव्हतं. कर भरणारा माणूस हिशेब मागतो, इतकी ती साधी गोष्ट होती.

पण त्याच वर्षी, फेब्रुवारीत, बुरगान इथं तेल लागलं होतं. तेल कंपनीचे पैसे शेखांच्या नावावर येत. मजलिसनं म्हटलं, हा पैसा राज्याचा आहे, तो राज्याच्या तिजोरीत यावा. इथं ठिणगी पडली. डिसेंबरमध्ये शेखांनी मजलिस बरखास्त केली. पुढं दुसरी मजलिस आली, तीही मार्च १९३९ मध्ये गेली. पत्रकं वाटणाऱ्या मुहम्मद अल-मुनय्यिस यांना मृत्युदंड झाला, काहींना कैद झाली, काही परागंदा झाले. इंग्रजांनी आधी सुधारणांचा आग्रह धरला होता, पण मजलिस गेली तेव्हा ते स्वस्थ राहिले. आपला राखीव राजा कधी ठेवायचा आणि कधी काढायचा हे इंग्रज आपल्या सोयीनं ठरवतात, हे साताऱ्याला वेगळं सांगायला नको. छत्रपती प्रतापसिंहांना १८३९ मध्ये गादीवरून उतरवून काशीला धाडलं, आणि रंगो बापूजी न्याय मागत लंडनमध्ये कितीक वर्षं झिजले.

आता दुसऱ्या खोलीत या. औंध संस्थान. पाचशे एक चौरस मैल, बहात्तर गावं, तीही सलग नाहीत. औंध इकडं, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णेकाठच्या बाजूला आणि गुणदाळ तर थेट विजापूरकडे. पाऊस कमी, उत्पन्न बेताचं. राजे होते भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, चित्रं काढणारे, कीर्तन करणारे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीला त्यांनी मोठं अर्थसाहाय्य दिलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी त्यांनी जागा दिली, तिथं १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे राखणदार म्हणून राजा उत्तमच होता. गंमत अशी, की हा उत्तम राखणदारच म्हणाला, मला आता राखणदारी नको.

यामागं त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत होते, ऑक्सफर्डला शिकून आलेले. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर होता, तो बंगलोरची नोकरी सोडून औंधात येऊन राहिला. आणि सेवाग्रामला गांधीजी होते. २३ नोव्हेंबर १९३८ रोजी राजांनी संपूर्ण जबाबदार राज्यपद्धती देत असल्याचं जाहीर केलं. पुढच्या जानेवारीत, म्हणजे कुवेतची मजलिस मोडल्यावर जेमतेम महिन्याभरानं, औंधची स्वराज्य राज्यघटना कायदा म्हणून अंमलात आली. भारताची राज्यघटना यायला तेव्हा अकरा वर्षं होती.

या घटनेत भाषणाचं, मुद्रणाचं, सभेचं आणि उपासनेचं स्वातंत्र्य प्रजेला दिलं होतं. पण नुसतं स्वातंत्र्य लिहून दिलं असतं तर मी आज तिची आठवण काढली नसती. कागदावर स्वातंत्र्य लिहायला शाईच लागते. औंधची खरी करामत तिच्या बांधणीत होती. सत्ता खालून वर जायची. प्रत्येक गावानं आपले पाच पंच निवडायचे. पंचायतींचे अध्यक्ष मिळून तालुका समिती. तालुका समित्यांतून मध्यवर्ती विधिमंडळ. मंत्री त्या विधिमंडळाला जबाबदार. गावचे तंटे गावातच सोडवायचे. राजाच्या खासगी खर्चालाही मर्यादा. म्हणजे उद्या कुणा राजाच्या मनात आलं असतं की झालं ते पुरे, दिलेलं परत घेतो, तर त्याला एक सभागृह बंद करून भागलं नसतं. बहात्तर गावांच्या चावड्या बंद कराव्या लागल्या असत्या.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, ते याच प्रयोगातलं. गुन्हा करून शिक्षा झालेल्या कैद्यांनी भिंतीशिवाय, बेडीशिवाय, बायकामुलांसह राहून शेती करायची. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट या वसाहतीवरून सुचलेला आणि त्याची कथा गदिमांची. माणदेशच्या माळावरचे गदिमा त्याच संस्थानाचे. ज्या राज्यानं आपल्या कैद्यावरदेखील विश्वास टाकला, त्याला आपल्या शेतकऱ्याच्या बोलण्याची भीती वाटण्याचं कारण नव्हतं.

औंधचं मी देव्हाऱ्यात बसवून पूजन करणार नाही. राज्य लहान होतं. वर इंग्रज होतेच. सगळा प्रयोग उणीपुरी नऊ वर्षं चालला आणि ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. तेव्हा गावांच्या हातात आलेला बराचसा अधिकार पुन्हा मामलेदार कचेरीत गेला. पण बेचाळीसच्या चळवळीत क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार ज्या भागात उभं राहिलं, त्यात औंध संस्थानातलं कुंडल मोठं ठाणं होतं. भूमिगतांना औंधच्या हद्दीत आसरा मिळे. आपले तंटे आपण सोडवू, आपला कारभार आपण करू, ही धमक त्या काळी या मातीत होती.

मग फरक कुठं पडला? लोक सगळीकडे सारखेच. कुवेतच्या लोकांनी तर मागून घेतलं होतं, औंधला न मागता मिळालं. माझ्या समजुतीनं फरक दोन गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट पैसा. औंधच्या राजाला राज्य चालवायला शेतकऱ्याचा सारा लागत होता. कुवेतच्या शेखांना पुढं कुणाच्याच साऱ्याची गरज उरली नाही. तेलाचा पैसा जमिनीतून वर येतो, माणसांच्या घामातून येत नाही. मग उलटंच चक्र सुरू झालं. राज्यच लोकांना देऊ लागलं. घर, नोकरी, दवाखाना, शिक्षण, सगळं. जो कर घेत नाही त्याला हिशेब द्यावा लागत नाही, आणि जो फुकट घेतो त्याला हिशेब मागायला जीभ उचलत नाही.

दुसरी गोष्ट कागद कुणाच्या हातात, ही. अरबीत राज्यघटनेला 'दस्तूर' म्हणतात. आपल्या मराठीत दस्तूर म्हणजे हस्ताक्षर. 'दस्तुरखुद्द' म्हणतो ना आपण. मला वाटतं, सगळी गोष्ट या दोन अर्थांच्या मधोमध आहे. घटना ही घटना आहे, की राजाचं नुसतं हस्ताक्षर?

कुवेतला पुढं घटना मिळाली, आणि चांगली मिळाली. १९३८ च्या मजलिसचे अध्यक्ष अब्दुल्ला अल-सालिम १९५० मध्ये स्वतःच गादीवर आले. १९६१ ला देश स्वतंत्र झाला आणि १९६२ ला त्यांनी घटनेवर सही केली. गादी एका घराण्याची, पण सार्वभौम सत्ता राष्ट्राची, असं ती घटना म्हणते. पन्नास निवडलेल्या सभासदांचं सभागृह आलं. ते नुसतं शोभेचं नव्हतं. मंत्र्यांना उभं करून प्रश्न विचारी, घाम फोडी. वर्तमानपत्रंही शेजारच्या देशांच्या मानानं मोकळी. पक्षांना कायद्यानं मान्यता नाही, पण लोक संध्याकाळी एकमेकांच्या 'दिवानिया'त जमतात. दिवानिया म्हणजे आपला दिवाणखाना. चहा, गप्पा आणि राजकारण. १९८९ मध्ये सभागृह परत द्या म्हणून जी चळवळ झाली, ती या दिवाणखान्यांतूनच. २००५ मध्ये बायकांना मताचा अधिकार मिळाला, २००९ मध्ये चार बायका निवडून आल्या. २००६ मध्ये तर गादीवर आलेल्या आजारी अमिरांना याच सभागृहानं ठराव करून दूर केलं. सौदी अरेबियात सल्लागार मंडळाचे सगळे सभासद राजा नेमतो. त्या तुलनेत कुवेत पुष्कळच पुढं होतं.

पण सभागृह १९७६ मध्ये बंद झालं. १९८६ मध्ये बंद झालं. इराकचं आक्रमण होऊन गेल्यावर १९९२ मध्ये पुन्हा उघडलं. आणि १० मे २०२४ रोजी अमिरांनी ते पुन्हा बरखास्त केलं. एप्रिलमध्ये निवडणूक झालेली, नव्या सभागृहाची पहिली बैठकसुद्धा व्हायची होती. घटनेतली काही कलमं चार वर्षांपर्यंत स्थगित केल्याचं जाहीर झालं. त्यानंतर हजारो लोकांचं नागरिकत्वही काढून घेतलं गेलं. अमिरांवर टीका करणं हा तिथं गुन्हा आहेच. सभागृहात भांडणं फार होतात, कामं अडतात, असं कारण दिलं गेलं. भांडणं होत होती हे खोटं नाही. पण घरात भांडणं होतात म्हणून कुणी घराचं दारच विटांनी बांधून काढत नाही.

आणि हे झालं तिथल्या नागरिकांचं. कुवेतची लोकसंख्या सुमारे पन्नास लाख, त्यात नागरिक तिसरा हिस्साही धड नाहीत. बाकीचे परदेशी. त्यांत सर्वांत जास्त आपण, सुमारे दहा लाख. माझा भाचा त्यांतला एक. त्याला 'कफील' लागतो. कफील म्हणजे आपल्या भाषेत जामीनदार. आपल्याकडे जामीनदार लागतो तो पतसंस्थेचं कर्ज काढणाऱ्याला, नाहीतर कोर्टात उभ्या राहिलेल्या आरोपीला. तिथं नुसता घाम गाळायला गेलेल्यालाही लागतो. त्याचा परवाना मालकाशी बांधलेला. त्याच्या पहिल्या मालकानं पासपोर्ट काढून घेऊन कपाटात ठेवला होता. कायद्यानं असं करता येत नाही, पण कायद्याकडे जायलाही पासपोर्ट लागतो. जून २०२४ मध्ये मंगफ इथं कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि चाळीसहून अधिक भारतीय गेले. त्या दिवशी बहिणीनं दिवसभर फोन खाली ठेवला नाही. रात्री पोराचा फोन आला. मी त्याला विचारलं, 'तिकडं लोक काय म्हणतायत रे? कुणाला जाब विचारतायत का?' तो म्हणाला, 'मामू, हवापाण्याचं बोला.' त्याच्या पैशातून मिरजेत घर झालं, दोन बहिणींची लग्नं झाली. त्या पैशाला मी नावं ठेवणार नाही. पण सोळा वर्षांत त्या पोरानं फोनवर एक वाक्यसुद्धा मोकळेपणी उच्चारलेलं नाही, ही किंमत कुठल्या वहीत लिहायची?

आता यावर कुणी म्हणेल, बघा, आपण किती सुखी! तेवढ्यावर थांबू नये. आपल्याकडेही १९७५ ला आणीबाणी आली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, माणसं तुरुंगात गेली. पुढच्याच वर्षी कुवेतचं सभागृह बंद झालं. आपलं दार १९७७ ला मतपेटीनं उघडलं, आणि ज्यांनी लावलं होतं त्यांना लोकांनी घरी बसवलं. त्यांना मात्र पाच वर्षं वाट पाहावी लागली, अमिरांच्या मनात येईपर्यंत. फरक हा आहे. आपला दस्तूर कुणा एकाच्या हस्ताक्षरातला नाही.

पण खालच्या मजल्यावर काय चाललं आहे? २०२२ मध्ये सातारा आणि सांगलीच्या जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथं प्रशासक बसले. निवडणूक नाही, सभापती नाही, सभेत उठून प्रश्न विचारणारा नाही. कारणं होती, कोर्टकचेऱ्या होत्या. पण मला धसका बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. आपल्यापैकी कितीजणांना ते जाणवलं? गावच्या रस्त्याचं काम अडलं की आपण साहेबांना भेटलो, अर्ज दिला, हात जोडले, परत आलो. हे रयतेचं वागणं झालं. ज्या मुलखात १९३९ साली गावच्या पाच पंचांपासून राज्य वर चढत गेलं, त्या मुलखात तीन वर्षं निवडलेली माणसं नव्हती आणि आपल्याला चुकल्यासारखंही वाटलं नाही. ग्रामसभेची दवंडी, नव्हे, आता व्हॉट्सअॅपवरचा निरोप येतो. आपण अंगठा दाखवतो आणि जात नाही.

शेवटी आणखी एक शब्द सांगतो आणि रजा घेतो. अरबीत नागरिकाला 'मुवातिन' म्हणतात. तो 'वतन' या शब्दावरून आला आहे. त्यांच्याकडे वतन म्हणजे मायभूमी. आपल्याकडे वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हक्क, पाटलाचा, कुलकर्ण्याचा, देशमुखाचा. ती वतनं कायद्यानं गेली, बरं झालं. पण मला वाटतं, या देशाचं एक वतन आपल्या प्रत्येकाच्या नावावर अजून आहे. जुन्या काळचा वतनदार आपल्या हक्काच्या शेराभर धान्यासाठी थेट पुण्याच्या दरबारापर्यंत भांडायचा. कुवेतचे व्यापारी १९३८ मध्ये भांडले, दिवाणखान्यांत बसणारे १९८९ मध्ये भांडले, आणि ते पुन्हा भांडतील. तेव्हा 'तुमच्या त्या अरब देशांत' असं मला पुन्हा कुणी विचारलं, तर मी म्हणेन, चहा संपवा आणि आधी सांगा, तुमच्या गावची ग्रामसभा शेवटची कधी झाली, आणि तुम्ही तिथं काय विचारलंत?